हृद्रोगाची पूर्वसूचना : एका आंकड्याचा इतिहास

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बालाघाटाच्या डोंगररांगांत अहमदपूर हें तालुक्याचें गांव आहे. तेथील सुशिक्षित घरांत अलीकडे वारंवार घडूं लागलेला एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. घरांतील कर्ते गृहस्थ पन्नाशीच्या उंबरठ्यावर आलेले असतात. प्रकृतीची कसलीच तक्रार नसते. परंतु पुण्यास नोकरीला असलेल्या मुलाच्या आग्रहावरून ते एखाद्या खाजगी प्रयोगशाळेकडून सर्व शरीराची तपासणी करून घेतात. दुसऱ्या दिवशीं तिचा निकाल हातीं पडतो. पानापानांवर आंकडे, कांहीं काळे, कांहीं तांबडे; आणि शेवटीं एक वाक्य, कीं येत्या दहा वर्षांत हृद्रोगाचा झटका येण्याचा संभव शेंकडा वीस आहे. कालपर्यंत स्वतःला निरोगी समजणारा माणूस त्या क्षणापासून रोगी होतो.

मग घरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, तब्येत खणखणीत आहे. ह्या लोकांना पैसे उकळावयाचे असतात. कागद ठेवून द्यावा. दुसऱ्या पक्षाच्या तोंडचें पाणी पळतें. जिना चढणें बंद होतें, तूप बंद होतें, रात्रीं छातींत जरा कळ आली कीं घरभर दिवे लागतात. शेजारीं कोणी सांगतो, अमक्याचे सर्व आंकडे ठीक होते, तरी तो आठ दिवसांत गेला. दुसरा सांगतो, तमक्याचे आंकडे वीस वर्षें वाईट आहेत, आणि तो अद्याप शेतावर पायीं जातो. दोन्ही गोष्टी खऱ्या असूं शकतात, आणि दोहोंपासूनहि त्या गृहस्थांस मार्ग सांपडत नाहीं. तो कागद काय सांगतो आणि काय सांगत नाहीं, हें समजण्यास त्यावरील आंकडे कोठून आले तें पाहिलें पाहिजे. त्यांचा इतिहास फार जुना नाहीं. आणि त्यांतील कांहीं महत्त्वाचे प्रसंग महाराष्ट्रांतच घडलेले आहेत.

कागदावरील पहिला आंकडा बहुधा रक्तदाबाचा असतो. नाडी पाहण्याची विद्या पुरातन आहे. परंतु रक्त किती जोरानें वाहतें हें मोजण्याची कल्पना अठराव्या शतकांतील होय. इंग्लंडांतील स्टीफन हेल्स ह्या धर्मोपदेशकानें एका घोडीच्या रोहिणींत नळी बसवून रक्ताचा स्तंभ आठ फुटांहूनहि वर चढतो असें दाखविलें व १७३३ सालीं तो प्रयोग प्रसिद्ध केला. अर्थात् ही रीत माणसावर चालण्याजोगी नव्हती. १८९६ सालीं इटलींतील तुरिन येथील डॉक्टर रिवा-रोच्ची ह्यांनीं दंडाला हवेची पिशवी गुंडाळून पाऱ्याच्या नळीवर दाब वाचण्याची युक्ति काढली. १९०५ सालीं रशियांतील डॉक्टर कोरोत्कोव्ह ह्यांनीं, पिशवीच्या खालच्या बाजूस रोहिणीवर ऐकूं येणाऱ्या आवाजांवरून वरचा व खालचा असे दोन्ही दाब ओळखतां येतात, हें सांगितलें. आज अहमदपूरच्या दवाखान्यांत दंडाला पट्टा बांधतात, त्याचें मूळ हेंच.

ह्या साधनाचा उपयोग निरोगी माणसांवर मोठ्या प्रमाणांत करण्याचें काम प्रथम विमा कंपन्यांनीं अंगावर घेतलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील विमा कंपन्या अर्जदारांचा रक्तदाब मोजूं लागल्या. हजारों पॉलिसींचे हिशेब जुळविल्यावर त्यांना दिसून आलें कीं वरवर धडधाकट दिसणाऱ्या माणसांतहि ज्यांचा दाब अधिक, ते सरासरीनें लवकर मरतात. आपल्याकडेहि मुंबईस बॉम्बे म्यूच्युअल ही संस्था १८७० सालीं आणि ओरिएंटल ही १८७४ सालीं निघाली होती. आणि निरोगी माणसानें आपण होऊन डॉक्टरांपुढें उभें राहावयाचें, ही चाल रूढ होण्यास विम्याचें मोठें साहाय्य झालें. कंपनीला अर्जदाराच्या सुखदुःखाशीं कर्तव्य नव्हतें. हप्ता किती घ्यावा एवढेंच तिला ठरवावयाचें होतें. रामरावांचें काय होणार हा तिचा प्रश्न नव्हता. रामरावांसारख्या हजारांचें काय होणार हा होता. कागदावरील आंकडा असा जन्मापासूनच समूहाचा आंकडा आहे. ही गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे पुढील पुष्कळ घोंटाळा टळतो.

विमा कंपन्यांना आंकड्याचें मोल कळलें, तरी वैद्यकशास्त्राचें मत दीर्घकाळ डळमळीत राहिलें. वय वाढतें तसा दाब वाढावयाचाच, असें पुष्कळ डॉक्टर समजत. कठीण झालेल्या रोहिण्यांतून रक्त पुढें ढकलण्यासाठीं शरीरानेंच हा दाब वाढविलेला असतो, तो उतरविला तर अपायच होईल, असेंहि मोठमोठे तज्ज्ञ सांगत. शिवाय, उतरवावा कसा, हा प्रश्न होताच. कारण खात्रीचें औषध कोणाच्याच हातीं नव्हतें. अशा काळीं भयसूचक आंकडा समोर आल्यावर माणसें कशीं वागलीं, ह्याचीं दोन उदाहरणें फार बोलकीं आहेत. दोन्ही पुरुष जगद्विख्यात होते, दोघांचाहि वाढता दाब १९३७ सालीं नोंदला गेला होता.

पहिलें उदाहरण वर्ध्याजवळचें. महात्मा गांधी १९३६ सालीं सेगांव ह्या खेड्यांत राहावयास आले. पुढें त्याच गांवाचें नांव सेवाग्राम झालें. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनें त्यांच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्तानें २०१९ सालीं त्यांच्या प्रकृतीचीं टिपणें प्रसिद्ध केलीं. त्यांत २६ ऑक्टोबर १९३७ रोजीं त्यांचा रक्तदाब १९४ व १३०, आणि १९ फेब्रुवारी १९४० रोजीं २२० व ११० असा नोंदलेला आहे. आजचा कोणताहि डॉक्टर हे आंकडे पाहून खुर्चींतून उठेल. गांधीजींचें वजन तर अवघें ४७ किलोच्या आंत होतें. म्हणजे रक्तदाब हा लठ्ठ व सुखवस्तु माणसाचाच रोग, ही समजूत त्यांच्या एकट्याच्या टिपणानेंच खोटी ठरते.

त्यांनीं हे आंकडे झिडकारले नाहींत आणि त्यांची धास्तीहि घेतली नाहीं. १९३७ च्या अखेरीस ते मुंबईजवळ जुहूच्या समुद्रकांठीं विश्रांतीसाठीं जाऊन राहिले. आहार मोजका, मौनाचे दिवस ठरलेले, सकाळसंध्याकाळ चालणें नित्याचें. डॉ. सुशीला नय्यर वरचेवर दाब मोजीत, आणि सर्पगंधेचें औषधहि ते घेत. काम त्यांनीं सोडलें नाहीं. परंतु कोणत्या दिवशीं किती काम करावयाचें ह्यांत त्या आंकड्याला बोलण्याचा अधिकार दिला.

पुढें १९४२ सालच्या ऑगस्टमध्यें सरकारनें त्यांना पुण्याच्या आगाखान राजवाड्यांत अटकेंत ठेवलें. त्या वाड्यानें पावणेदोन वर्षांत जें पाहिलें, तें हृद्रोगाच्या इतिहासांतहि नोंदण्यासारखें आहे. अटकेला आठवडाहि उलटला नव्हता, तोंच १५ ऑगस्ट १९४२ रोजीं सकाळीं महादेवभाई देसाई ह्यांची हृदयक्रिया एकाएकीं बंद पडली. त्यांचें वय पन्नास वर्षांचें होतें. गांधीजींहून ते बावीस वर्षांनीं लहान. १९४३ च्या फेब्रुवारींत गांधीजींनीं एकवीस दिवसांचें उपोषण केलें, तेव्हां त्यांच्या उशापायथ्याशीं डॉ. सुशीला नय्यर, कलकत्त्याचे डॉ. विधानचंद्र रॉय आणि मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. मंचेरशा गिल्डर होते. डॉ. गिल्डर हे स्वतःहि त्या वेळीं राजबंदीच होते. उपोषणांतून गांधीजी वांचले; परंतु हृदयविकारानें आजारी असलेल्या कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं, महाशिवरात्रीच्या दिवशीं, त्याच वाड्यांत निवर्तल्या. ज्यांचा आंकडा सर्वांत भयंकर, ते वाचले; वयानें लहान, ते आधीं गेले. गांधीजींचा अंत ३० जानेवारी १९४८ रोजीं झाला तो मारेकऱ्याच्या गोळीनें, रक्तदाबानें नव्हे.

दुसरें उदाहरण समुद्रापलीकडचें. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट ह्यांचा रक्तदाब १९३७ सालीं १६२ व ९८ होता; १९४१ च्या आरंभीं तो १८८ व १०५ झाला. त्यांचे खाजगी डॉक्टर रॉस मॅकिन्टायर हे मुळांत नाक व घसा ह्यांचे तज्ज्ञ होते. अध्यक्षांची प्रकृति वयोमानानें उत्तम आहे असें तेव्हां लोकांना सांगण्यांत येई. युद्धाचा भार वाढत गेला, धूम्रपान चालूंच राहिलें. कस्तुरबांच्या मृत्यूनंतर एक महिना लोटला असेल नसेल, तोंच २८ मार्च १९४४ रोजीं हॉवर्ड ब्रुएन ह्या तरुण हृद्रोगतज्ज्ञानें रूझवेल्ट ह्यांस प्रथम तपासलें. दाब १८६ व १०८. हृदय मोठें झालेलें, आणि थकत चाललेलें. ब्रुएन ह्यांनीं विश्रांति, मीठ कमी, सिगारेटी कमी आणि हृदयाला बळ देणारें डिजिटॅलिस सुचविलें. तेव्हां फार उशीर झालेला होता. १२ एप्रिल १९४५ रोजीं डोकें असह्य दुखत असल्याचें सांगून अध्यक्ष कोसळले; त्या वेळीं त्यांचा दाब ३०० च्या वर गेला होता. मेंदूंतील रक्तस्राव हें मरणाचें कारण.

ह्या दोन कथा शेजारीं शेजारीं ठेवल्या कीं, ज्यानें ऐकलें तो तरला आणि ज्यानें ऐकलें नाहीं तो बुडाला, असा उपदेश काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. गांधीजींच्या शरीरांत दैवानें कोणता गुण घातला होता हें कोणास सांगतां येणार नाहीं. आणि रूझवेल्ट ह्यांनीं १९३७ सालींच सावध होऊन सर्व पथ्य पाळलें असतें, तरी त्या वेळच्या औषधांनीं ते किती वर्षें जगले असते हेंहि सांगतां येणार नाहीं. एका माणसाच्या कथेनें मन हलतें, पण सिद्ध कांहींच होत नाहीं. अहमदपूरचे शेजारी ज्या अमक्या-तमक्यांच्या गोष्टी सांगतात, त्यांतील उणीव हीच. तेव्हां एकाकडून अनेकांकडे जावयास हवें होतें. आणि त्या वाटेवरील एक मोठें पाऊल मुंबईंत पडलें.

गांधीजी घेत ती सर्पगंधा ही आपल्याकडील जुनी वनौषधि. निद्रानाशावर व उन्मादावर वैद्य तिचें मूळ देत आले. १९३१ सालीं कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस ह्यांनीं ती रक्तदाबहि उतरविते असें लिहिलें. परंतु तें जगाच्या कानावर पोंचलें नाहीं. मुंबईंत १९११ सालीं जन्मलेले आणि विलायतेंत शिकून आलेले डॉ. रुस्तम जाल वकील हे के. ई. एम. रुग्णालयांत हृद्रोग्यांवर उपचार करीत. त्यांनीं ह्या मुळीचा उपयोग कित्येक वर्षें केला आणि पन्नास रोग्यांचे उपचारापूर्वींचे व नंतरचे आंकडे मांडून १९४९ सालीं ब्रिटिश हार्ट जर्नल ह्या नियतकालिकांत निबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर अमेरिकेंत बॉस्टनच्या डॉक्टरांनीं तिची परीक्षा घेतली, आणि १९५२ सालीं स्वित्झर्लंडमध्यें तिच्यांतील रिसर्पिन हें मुख्य द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. वाढता रक्तदाब औषधानें उतरवितां येतो, ही आशा ज्या औषधांनीं जगाला प्रथम दिली त्यांत ह्या भारतीय मुळीचें स्थान मोठें आहे. १९५७ सालीं डॉ. वकील ह्यांस अमेरिकेंतील लॅस्कर पारितोषिक मिळालें.

ह्या यशाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. रिसर्पिन घेणाऱ्या कांहींना तीव्र उदासीनता येते असें पुढें आढळलें, आणि अधिक सौम्य औषधें निघाल्यावर त्याचा वापर मागें पडला. झाडपाल्याचें म्हणून तें निरुपद्रवी, असें कोणीं समजूं नये. मुळी ज्या गुणानें दाब उतरविते त्याच गुणानें मनहि उतरवूं शकते. डॉ. वकील ह्यांचें खरें ऋण त्या मुळीपेक्षांहि त्यांच्या रीतीचें आहे. एका थोर पुरुषाला गुण आला एवढ्यावर न थांबतां त्यांनीं पन्नास सामान्य माणसांचे आंकडे ओळीनें मांडले.

पन्नासांवरून पांच हजारांवर जाण्याचें काम त्याच सुमारास दुसरीकडे चालूं झालें होतें. १९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें, आणि तोंपर्यंत निजामाच्या राज्यांत असलेला, बिदर जिल्ह्यांत मोडणारा अहमदपूर तालुका स्वतंत्र देशाचा भाग झाला. त्याच वर्षीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स राज्यांतील फ्रेमिंगहॅम नांवाच्या एका साध्या गांवीं एका अपूर्व कामास आरंभ झाला. रूझवेल्ट ह्यांच्यासारख्या माणसांना काय मारतें हें शोधण्यासाठीं तेथें ५२०९ निरोगी स्त्रीपुरुषांची नोंद करण्यांत आली. त्यांना कोणतेंहि औषध द्यावयाचें नव्हतें. दर दोन वर्षांनीं त्यांना तपासावयाचें, त्यांचा दाब, त्यांच्या रक्तांतील कोलेस्टेरॉल, त्यांची विडीकाडी लिहून ठेवावयाची, आणि कोणास केव्हां काय होतें तें वाट पाहून नोंदावयाचें. वीस वर्षें पुरेल अशा बेतानें काढलेलें हें काम पुढें तिसऱ्या पिढीपर्यंत गेलें. १९६१ सालीं डॉ. विल्यम कॅनेल व त्यांचे सहकारी ह्यांनीं सहा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला, आणि ‘जोखमीचे घटक’ हा शब्दप्रयोग वैद्यकांत रूढ झाला. अहमदपूरच्या गृहस्थांच्या कागदावरील शेंकडा वीस हा आंकडा ह्याच घराण्यांतला.

आंकडा वाईट असणें धोक्याचें, हें फ्रेमिंगहॅमनें दाखविलें. पण आंकडा सुधारल्यानें धोका टळतो का, हा प्रश्न वेगळा होता. त्याचें उत्तर देण्यास माणसांचे दोन गट करून एकास औषध व दुसऱ्यास औषधासारखी दिसणारी निर्गुण गोळी देणें भाग होतें. अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत अशी परीक्षा झाली आणि १९६७ सालीं तिचा निकाल लागला. खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष तींत होते. निर्गुण गोळी घेणाऱ्यांत २७ जणांस गंभीर विकार झाले. औषध घेणाऱ्यांत अवघ्या दोघांस. वाढता दाब उतरविणें अपायकारक, हें जुनें मत त्या दिवशीं संपलें. कोलेस्टेरॉलचीहि कथा अशीच. रशियांतील निकोलाय अनिच्कोव्ह ह्यांनीं १९१३ सालीं सशांना कोलेस्टेरॉल चारून त्यांच्या रोहिण्यांत चरबीचे थर बसलेले दाखविले होते. परंतु तें रक्तांतून प्रभावीपणें कमी करणारें द्रव्य जपानचे अकिरा एंडो ह्यांनीं १९७० नंतर एका बुरशींत शोधून काढीपर्यंत पन्नासांहून अधिक वर्षें गेलीं. १९९४ सालीं स्कँडिनेव्हियांतील ४४४४ हृद्रोग्यांवरील परीक्षेंत ह्या जातीच्या औषधानें मृत्यूंचें प्रमाण सुमारें तीस टक्क्यांनीं उतरलें.

एवढा इतिहास पाठीशीं घेऊन आतां त्या कागदाकडे पाहावें. शेंकडा वीस म्हणजे काय? त्याच वयाच्या आणि तसेच आंकडे असलेल्या शंभर माणसांचा मेळा भरविला, तर दहा वर्षांत त्यांपैकीं विसांना झटका येईल आणि ऐंशींना येणार नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. हे गृहस्थ विसांत आहेत कीं ऐंशींत, हें कागदाला ठाऊक नाहीं, आणि कोणत्याहि डॉक्टरला ठाऊक नाहीं. म्हणून तो आंकडा ही शिक्षा नव्हे. परंतु विसांचे बारा करणें शक्य असेल, तर त्या सुटलेल्या आठांत आपण असावें असें कोणास वाटणार नाहीं? म्हणून तो आंकडा थट्टाहि नव्हे. प्रत्येक संसारी माणूस पावसाचा अंदाज घेऊन पेरणी करतो. अंदाज चुकूं शकतो म्हणून आभाळाकडे पाहणें कोणी सोडीत नाहीं.

ह्या हिशेबांत वयाचा वांटा सर्वांत मोठा असतो, हेंहि पुष्कळांस माहीत नसतें. साठीच्या माणसाचा आंकडा केवळ साठीमुळेंच फुगतो. उलट पस्तिशींतील तरुण दिवसाला वीस सिगारेटी ओढीत असूनहि दहा वर्षांचा संभव लहान दिसतो आणि तो निर्धास्त राहतो. दुसरी गोष्ट अशी कीं हे हिशेब मुख्यतः परदेशांतील लोकांवरून बसविलेले आहेत. ५२ देशांत केलेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष २००४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत भारत व शेजारच्या देशांतील लोकांना पहिला झटका सरासरीनें त्रेपन्नाव्या वर्षीं, इतरांपेक्षां पांच-सहा वर्षें आधींच, येतो असें दिसलें. परंतु त्याच अभ्यासांत आणखी एक गोष्ट सिद्ध झाली, आणि ती धीर देणारी आहे. धूम्रपान, रक्तांतील मेद, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळें व भाज्यांची उणीव, शरीरश्रमाचा अभाव आणि मद्यासंबंधींची संवय, ह्या नऊ गोष्टींनीं हृद्रोगाच्या धोक्याचा बहुतेक सर्व उलगडा होतो. ह्यांतील बहुतेक गोष्टी माणसाच्या स्वतःच्या घरांतल्या आहेत.

तेव्हां कागद हातीं पडल्यावर पहिलें काम तो पुन्हां तपासून पाहण्याचें. विक्रेत्याचा हेतु काय आहे ह्यावरून माप खरें कीं खोटें हें ठरत नाहीं. दुसऱ्या तराजूवर पुन्हां तोलून पाहणें हाच त्यावर उपाय. एकदां मोजलेला रक्तदाब हा रक्तदाब नव्हेच. धांवत आलेल्या, चहा घेतलेल्या, किंवा पांढरा डगला पाहून दचकलेल्या माणसाचा दाब वाढलेला दिसतो. पांच मिनिटें पाठ टेकून स्वस्थ बसून, हात हृदयाच्या उंचीवर ठेवून, वेगवेगळ्या दिवशीं तो मोजावा आणि वहींत लिहून ठेवावा. तो पुन्हां पुन्हां १४० व ९० ह्यांच्या वर येत असेल, तर मात्र शंकेला जागा उरत नाहीं.

दुसरें काम तो कागद आणि ती वही घेऊन आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाण्याचें. प्रयोगशाळा आंकडे देते. त्यांचा अर्थ माणूस पाहूनच लागतो. वडिलांना वा भावाला लहान वयांत झटका आला होता काय, तंबाखूची संवय आहे काय, साखर किती, मूत्रपिंडें कशीं, हें सर्व विचारल्यावरच औषध लागतें कीं पथ्यानें भागेल तें ठरतें. औषध लागलें तर तें नेमानें घ्यावयाचें. दाब उतरला म्हणून आपल्या मनानें सोडावयाचें नाहीं, कारण तो औषधामुळेंच उतरलेला असतो. मराठवाड्याच्या ताटांत ज्वारीची भाकरी, डाळ व पालेभाजी हीं मुळांत चांगलींच आहेत. नडतें तें लोणचें, पापड, खारवलेले पदार्थ आणि फरसाण ह्यांतून नकळत जाणारें मीठ, आणि तोंडांत धरलेली तंबाखू. जागतिक आरोग्य संघटनेनें दिवसाला पांच ग्रॅमहून कमी मीठ, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहूनहि कमी, अशी मर्यादा घातलेली आहे.

आणि एक गोष्ट घरांतील सर्वांनीं मनांत पक्की धरावी. येत्या दहा वर्षांचा संभव हा एक विषय. आणि छातींत दडपल्यासारखें होऊन घाम सुटणें, दम लागणें, कळ हातांत वा जबड्यांत जाणें, हा अगदीं निराळा विषय. पहिल्यास विचार करावयास अवधि असतो. दुसऱ्यास अर्धा तासहि नसतो. त्या वेळीं पित्त असेल, सकाळीं पाहूं, असें न म्हणतां १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ताबडतोब रुग्णालय गांठावें. उलट ज्याला कसलाच त्रास नाहीं, त्यानें केवळ कागदाच्या भीतीनें चालणें-फिरणें सोडून अंथरूण धरणें हें रोगाला आमंत्रण देणेंच होय.

अहमदपूर १९५६ सालीं बिदरमधून निघून उस्मानाबाद जिल्ह्यांत आलें, १९८२ सालीं लातूर जिल्ह्यांत गेलें. १९५६ सालींच मराठवाड्यांतील वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबादेस निघालें. पुढें अंबाजोगाई, नांदेड व लातूर येथेंहि अशीं महाविद्यालयें झालीं. निजामी अमदानींत ह्या तालुक्यांतील कोणाची हृदयक्रिया बंद पडली, तर काळानें झडप घातली एवढेंच घरच्यांना म्हणतां येत असे. आधीं कोणती खूण दिसली असती हें सांगणारें कोणी नव्हतें. आज ती खूण घरबसल्या, छापील कागदावर, दहा वर्षें आधीं हातांत पडते. सेवाग्रामच्या त्या वृद्ध रोग्याला आंकडा मिळाला, पण भरंवशाचें औषध मिळालें नाहीं. रूझवेल्ट ह्यांना आंकडा मिळाला, पण त्याचा अर्थ सांगणारा वेळेवर भेटला नाहीं. अहमदपूरच्या गृहस्थांना आंकडा, औषध आणि अर्थ सांगणारा, तिन्ही हाताच्या अंतरावर आहेत. कागद कपाटांत ठेवून देण्यापूर्वीं, किंवा त्याच्या धास्तीनें अंथरूण धरण्यापूर्वीं, त्यांनीं एवढें ध्यानांत आणावें; आणि उद्यां सकाळीं, चहा घेण्यापूर्वीं, पांच मिनिटें स्वस्थ बसून दंडाला पुन्हां एकदां पट्टा बांधावा.